दुपारचा पिवळा ठिपका

आमच्या दवाखान्यातले वायरवाले सर माणसांशी मराठीत बोलत आणि यंत्रांशी दखनीत. माणसांशी बोलणं कामापुरतंच. यंत्रांशी मात्र मनापासून.

“क्या मियाँ, कायकू मुँह फुलाको बैठे?” असं कॉरिडॉरमध्ये ऐकू आलं की समजायचं, सर शिडीवर आहेत आणि त्यांच्या नाकासमोर छताला चिकटवलेला वायफायचा गोल पांढरा डबा आहे. खाली बाकड्यावर बसलेले पेशंटचे नातेवाईक दचकून वर बघायचे. सरांना त्याचं काही नव्हतं. त्यांचं लहानपण शहरातल्या शहागंजात मामाकडं गेलं. शेजारी सगळे दखनी बोलणारे. “भांडण, लाड, खेळातली चिडवाचिडवी, सगळं त्या भाषेत शिकलो,” एकदा म्हणाले होते. “मराठी शाळेत शिकलो. मराठीत मला नुसती उत्तरं देता येतात.”

गेल्या उन्हाळ्यात ते गेले. पुंडलिकनगरातल्या भाड्याच्या खोलीत, एकटेच. मी तोवर ती नोकरी सोडून दुसरीकडं लागले होते, मला उशिरा कळलं. जुन्या कुणीतरी मेसेज टाकला, त्याखाली हात जोडलेली चित्रं आली आणि विषय संपला.

आम्ही दोघं तळमजल्यावरच्या एका खोलीत बसायचो. खिडकी नव्हती, पण एसी जोराचा, कारण तो आमच्यासाठी नसून कपाटातल्या यंत्रांसाठी होता. कॉम्प्युटर, प्रिंटर, बिलिंगचे घोळ माझ्याकडं. भिंतीतून आणि छतातून जे काही जातं ते सरांकडं. इंजिनिअर माणूस, पदवी चांगली, बोलणं तिरकं. घरची शेती फुलंब्रीकडं, ती भाऊ बघायचा. बायको होती, पण बरीच वर्षं मुलासोबत दुसऱ्या शहरात राहायची. का, ते कुणी विचारलं नाही. त्यांच्या चेहऱ्याकडं बघून कुणाला काही विचारावंसं वाटत नसे.

त्यांच्याकडं मोबाईल नव्हता. अख्ख्या इमारतीला नेट पुरवणारा माणूस खिशात मोबाईल बाळगत नाही, याचं नव्या आलेल्या प्रत्येकाला नवल वाटायचं. “दिवसभर बाकीच्यांना जोडतो ना, मला सोडा,” एवढंच म्हणायचे. काम असलं की त्यांना शोधत फिरायचं. आणि खोलीला कुलूप. पूर्वी कधीतरी कुणीतरी पंख्याचा प्लग लावायला कपाटातली एक वायर उपटली होती, तेव्हापासून किल्ली त्यांच्या शर्टाच्या आतल्या खिशात. दुसरी किल्ली नव्हतीच. चहाला गेले तरी कुलूप. एकदा मी टेबलाखाली वाकून प्लग शोधत होते, तर मला आत कोंडून उस्मानपुऱ्यात टपरीवर चहाला निघून गेले. परत आल्यावर माफी वगैरे नाही. “बाई, आत होतात तर बोलायचं ना,” म्हणाले.

काही दुरुस्त झालं तरी “झालं” असं म्हणायचे नाहीत. म्हणायचे, “सध्या गप्प बसलंय.”

एकदा खरेदी विभागानं वायरीची नवी खोकी आणली. सरांनी खोक्यातून हातभर तुकडा काढला, सोलला, आतल्या तारेवर ब्लेड घासलं आणि ती तार माझ्या डोळ्यांपुढं धरली. वरून लाल, आतून चकचकीत पांढरी. “बघा बाई. तांब्याचा नुसता मुलामा. आत ॲल्युमिनियम.” खरेदीवाला दारातच उभा होता, काहीतरी सांगायला लागला. सरांनी खोकं उचललं, बाहेर नेलं आणि पार्किंगमधल्या कचऱ्याच्या गाडीत टाकलं. मग दुसरं. मग तिसरं. वॉचमन हसत होते. खरेदीवाला वरपर्यंत गेला, सरांना बोलावणं आलं, बरंच ऐकून घ्यावं लागलं. परत येऊन खुर्चीत बसले आणि स्क्रीनकडं बघत म्हणाले, “सुन रा क्या? तेरे वास्ते गाली खाया मैं.”

ती स्क्रीन म्हणजे त्यांचा देव. दवाखान्यातले सगळे वायफायचे डबे तिच्यावर ठिपक्यांसारखे दिसायचे. सगळे एका जागेवरून चालवता यायचे. ठिपका हिरवा म्हणजे ठीक, लाल म्हणजे बंद, आणि पिवळा म्हणजे इशारा. पिवळ्याचं मला कळेना, तेव्हा त्यांनी समजावून सांगितलं होतं. प्रत्येक डब्याला भिंतीतून वायर दिलेली असते, नेट तिच्यातून येतं. ती वायर कुठं तुटली तर डबा गप्प बसत नाही, जवळच्या दुसऱ्या डब्याला हवेतून चिकटतो आणि त्याच्याकडून उसनं नेट घेतो. त्याला मेश म्हणतात. काम चालू राहतं, पण रडतखडत. आणि वायर असलेला डबा असा शेजाऱ्याला चिकटला, की स्क्रीनवर पिवळा ठिपका येतो.

“तो ओरडून सांगतोय, माझ्या वायरीचं काहीतरी बघा,” सर म्हणाले. “लोकांना वाटतं तो शिवी देतोय.”

तिसऱ्या मजल्यावरच्या जनरल वॉर्डातला डबा रोज दुपारी पिवळा व्हायला लागला, तिथून हे सगळं सुरू झालं.

रोज दुपारी. अर्धा-पाऊण तास पिवळा, मग आपोआप हिरवा. त्या वेळात सिस्टरांच्या टॅबवर औषधांच्या नोंदी अडकायच्या, गोल गोल फिरत राहायचं. सिस्टर फोन करायच्या, सर शिडी घेऊन जिन्यानं वर जायचे आणि पोचेपर्यंत डबा हिरवा. “तेरेकू वायर दिया ना रे? फिर पड़ोसी के गले कायकू पड़ता?” वर चढून त्याला विचारायचे. वायरीची दोन्ही टोकं बदलली. कपाटातली जागा बदलली. डबाच बदलला. नवा डबाही दुसऱ्या दिवशी दुपारी पिवळा. मग त्यांना लिफ्टच्या मोटरचा संशय आला, मग उंदरांचा, मग एक्स-रे मशीनचा. लिफ्टवाल्याशी भांडण झालं. सरांचा खानावळीतून येणारा जेवणाचा डबा तसाच परत जायला लागला.

त्यातच दवाखान्याची तपासणी जवळ आली. प्रशासक साहेबांनी आपल्या केबिनमध्ये तीच स्क्रीन भिंतीवर लावून घेतली होती, पाहुण्यांना दाखवायला. तो एक पिवळा ठिपका त्यांना खुपायला लागला. डबे पुरवणाऱ्या कंपनीच्या माणसानं फोनवर सोपा उपाय सांगितला. सगळ्या डब्यांना वायर आहेच, तर मेश बंदच करून टाका, इशारा येणार नाही.

“बरोबर आहे त्याचं,” सर मला म्हणाले. “इशारा येणार नाही. पण वायर गेली की वॉर्ड आंधळा. आज निदान शेजाऱ्याचा हात धरून चालतंय. आधी वायर का जाते ते कळू द्या, मग करतो बंद.”

साहेबांनी सोमवारपर्यंत मुदत दिली.

त्या आठवड्यात एके दुपारी सर शिडी न घेताच वर गेले. वॉर्डाच्या टोकाला एक स्टूल ओढलं आणि बसून राहिले. मीही टॅब बघायच्या निमित्तानं तिथं होते. शेवटच्या खाटेवर एक म्हातारी होती, नाकाला ऑक्सिजनची नळी, हातांच्या नुसत्या काड्या. फुप्फुसाचा आजार, बरेच दिवस झाले होते. शेजारी तिचा नवरा खाली बसलेला. डोक्याला पागोटं, खांद्यावर घोंगडी, गुडघे छातीशी. पैठणकडचे धनगर, मेंढरं घेऊन फिरणारे. दुपार कलायला लागली तसा तो उठला, खाटेमागच्या कपाटाआड हात घातला, एक प्लग काढला आणि तिथं आपल्या मोबाईलचा चार्जर लावला.

सर उठले. कपाट थोडं ओढून मागं पाहिलं. भिंतीला एक छोटी धुळकट डबी स्क्रूनं लावलेली होती, एका वायरीच्या चार वायरी करणारी. कधीतरी बांधकाम वाढवताना कुणीतरी मध्येच जोडून दिलेली आणि विसरलेली. नकाशात नव्हती. म्हाताऱ्यानं काढलेला प्लग तिचा होता. ती बंद पडली की छतातल्या डब्याची वायर मेली.

मला वाटलं आता सर गरजणार. म्हाताऱ्यालाही तसंच वाटलं असावं, त्यानं घाईघाईनं हात मागं घेतला.

“काढू का साहेब? चुकलं का काय?”

“काय करताय बाबा?”

“फोन भरतोय. जुना हाय, तासाभरात मरतो. आत्ता पोराचा फोन येईल.”

“खाली कॅन्टीनमध्ये भरायचा की.”

“हिला सोडून कुठं जाऊ? मी दिसलो नाय की घाबरती.”

तेवढ्यात फोन वाजलाच. म्हाताऱ्यानं तो म्हातारीच्या तोंडापुढं धरला. पडद्यावर लिंबाची सावली, तिच्याखाली बसलेली काळी मेंढरं आणि मुलाचा आवाज, “आये, बघ. दिसतंय का?” म्हातारीनं नळी बाजूला सारली आणि तोंडानं एक हाक दिली. जीभ टाळ्याला लावून, बारीक. मेंढरं वळून बघत नव्हती. त्यांना मोबाईलचं काय कळणार. ती परत हाक द्यायची.

“लंगडी कुठंय रं?”

“ही काय, तुझ्यासमोरच हाय.”

मध्येच चित्र थांबायचं. मेंढरं पुतळ्यासारखी व्हायची. “थांबत थांबत दिसतं साहेब,” म्हातारा म्हणाला, “पर दिसतं.”

सरांनी वर छताकडं पाहिलं. म्हाताऱ्याचा फोन त्याच डब्याच्या वायफायवर चालला होता, आणि डबा शेजाऱ्याला धरून काम करत होता. दखनीत ते काहीतरी बोलतील म्हणून मी वाट बघितली. ते नुसते वळून दाराकडं निघाले.

बाहेर आल्यावर वॉर्डाच्या सिस्टरनं आम्हाला गाठलं. “सर, वरती सांगू नका. वॉर्डात व्हिडिओ कॉलला परवानगी नाही, एक्स्टेन्शन बोर्डालाही नाही. बाबांना बाहेर काढतील. मलापण बोलणी बसतील. तिचं फार राहिलेलं नाही हो.”

खोलीत परत आलो तर टेबलावरचा फोन वाजत होता. प्रशासक साहेब. “सापडलं का?”

“शोधतोय,” सर म्हणाले. त्यांच्या तोंडून खोटं मी पहिल्यांदा ऐकलं.

दुसऱ्या दिवशी सकाळी सर वरून येताना म्हाताऱ्याचा मोबाईल घेऊन आले. मेलेला उंदीर धरावा तसा दोन बोटांत धरलेला. टेबलावर रुमालाची घडी केली, त्यावर ठेवला, चार्जर लावला. दुपार व्हायच्या आत भरलेला फोन स्वतः वर नेऊन दिला. मग रोजचंच झालं. मी एकदा चिडवलं, “सर, शेवटी मोबाईल घेतलात तर.”

“पाहुणा आहे,” म्हणाले. चेहऱ्यावर हसू म्हणावं असं काहीतरी होतं.

फोन पहिल्यांदा खाली आला त्या दुपारी ठिपका हिरवाच राहिला. त्यानंतरही. म्हातारीची मेंढरं आता न थांबता दिसायची, सिस्टरांच्या नोंदी अडकत नव्हत्या, मेश बंद करायचा विषय साहेबांनी सोडून दिला. केबिनमध्ये बोलावून त्यांनी सरांना चहा पाजला. सर्वांचं भलं झालं, असं मला तेव्हा वाटलं होतं. सरांनाही वाटलं असणार. त्या दिवसांत ते जेवायला लागले होते.

मग तो दिवस आला. तपासणी तोंडावर होती, म्हणून सर सकाळीच मागच्या इमारतीच्या गच्चीवर वायरी बांधायला गेले. खोलीला कुलूप. मी रक्तपेढीत प्रिंटर बघत होते. काम आटोपून परत आले तर दारापुढं तो म्हातारा उभा. पागोटं सुटून गळ्यात आलेलं. हातानं कडी हलवत होता. जोरात नाही, कुणाची झोपमोड होऊ नये तशी.

“ताई, फोन. ती आत्ताच बघायचंय म्हनती. दुपारपर्यंत नाय थांबायची ती.”

खाली यायला त्याला बराच वेळ लागला होता. कुणी त्याला ओपीडीत पाठवलं, कुणी तळघरात. माझ्याकडं किल्ली नव्हती. रिसेप्शनवरून सरांच्या नावाची घोषणा करायला लावली, पण गच्चीवर ती पोचत नाही. फोन करणार तर कुठं? वॉचमनला पळवलं. मी म्हटलं, “बाबा, तुम्ही वर जा, आणते मी.” तो हलेना. त्याच्या कानावर गेलंच नसावं. आतून मोबाईल वाजायला लागला. दाराच्या पलीकडं, रुमालावर, वाजून वाजून थांबला. परत वाजला. म्हातारा दाराला कान लावून उभा होता.

सर पळत आले. आधी चुकीच्या खिशात हात घातला. मग कुलपात किल्ली जाईना. फोन पूर्ण भरलेला होता. म्हाताऱ्यानं तो घेतला आणि आम्ही तिघं वर गेलो.

शेवटच्या खाटेभोवती पडदा ओढलेला होता. सिस्टर पायाशी उभी. तिनं आमच्याकडं पाहिलं आणि मान खाली घातली.

म्हातारा आत गेला. तिच्या कपाळावरून हात फिरवला. तेवढ्यात त्याच्या हातातला फोन वाजला. सिस्टरनंच मुलाला वॉर्डच्या फोनवरून कळवलं होतं, आई मेंढरं मागतेय, लगेच लाव. पुढचं त्याला अजून ठाऊक नव्हतं. म्हाताऱ्यानं फोन उचलला. पडद्यावर मेंढरं उभी होती, सकाळच्या उन्हात, पळापळ करून एका ठिकाणी आणलेली. “आये, बघ. आये, ही बघ लंगडी.”

म्हाताऱ्यानं फोन तिच्या चेहऱ्यापुढं धरला. “दाव,” तो मुलाला म्हणाला. “दाव तिला.”

बराच वेळ तसाच धरून उभा राहिला. चित्र कुठंही अडकत नव्हतं.

सर पडद्याबाहेर होते. मी वळून पाहिलं तर भिंतीला टेकून खाली बसले होते, पाय पसरून.

त्यानंतर सर यंत्रांशी बोलेनासे झाले. शिडीवर चढायचे, मुकाट्यानं काम करायचे, उतरायचे. तपासणी छान पार पडली. साहेबांनी पाहुण्यांना ती हिरवीगार स्क्रीन दाखवली. एक दिवस सर माझ्या टेबलाशी येऊन उभे राहिले आणि म्हणाले, “बाई, तुमच्याकडं गाडी आहे ना? त्या बाबाकडं जायचंय. त्याच्या मुलाचा नंबर सिस्टरकडं असेल.”

रविवारी आम्ही माझ्या स्कूटीवर निघालो. पैठण रोडनं, चितेगावच्या पुढं, मुलानं फोनवर सांगितलेल्या खुणांनी. वाटेत सर मागं बसून काहीतरी पुटपुटत होते. वाऱ्यात शब्द नीट कळले नाहीत, पण मराठीत होतं. काय बोलायचं ते पाठ करत होते.

एका कापणी झालेल्या रानात त्यांच्या मेंढरांचा वाडा होता. जाळी लावून आत कोकरं ठेवलेली, बाजूला राहायचं कापडी पाल, चूल, एक घोडं. म्हातारा आम्हाला बघून उठला. घोंगडी झटकून अंथरली.

“एवढ्या उन्हाचं कशाला आलात साहेब?”

सर बसले. पाठ केलेलं काही बाहेर येईना. म्हाताराच बोलत राहिला. दिवस कसे घातले, सून कशी आहे, यंदा चारा कसा लांब गेलाय. मग मध्येच थांबून, दुसरंच काही सांगावं तशा आवाजात म्हणाला, “शेवटला तिनं मेंढरं नाय मागितली. सिस्टर सांगत व्हत्या. मी खाली गेलो, अन् ती मलाच हाका मारत व्हती म्हनं.”

त्याच्या आवाजात राग नव्हता. आमच्याकडं बघतही नव्हता. एक कोकरू जाळीत पाय अडकवून बसलं होतं, तिकडं बघत होता.

“बाबा,” सर म्हणाले. “दार मी बंद करून गेलो होतो.”

म्हाताऱ्यानं मान हलवली.

“व्हय,” म्हणाला. “कुलूप व्हतं.”

मग उठला, कोकराचा पाय सोडवला, आणि सुनेला चहा टाकायला सांगितलं. आम्ही चहा प्यालो. निघताना सरांनी त्याच्या पायाला हात लावला, तो संकोचून मागं सरला.

परत येताना बरंच अंतर गेल्यावर सरांनी मला गाडी थांबवायला सांगितली. उतरले, कडेच्या बाभळीपलीकडं गेले आणि पाठमोरे उभे राहिले. ट्रक जात होते. मी गाडी बंद केली, हेल्मेट काढून मांडीवर घेतलं आणि समोरच्या रस्त्याकडं बघत बसले. ऊन उतरून गेलं तरी त्यांना हाक मारायचा मला धीर झाला नाही.